तीन मिनिटांत शंभर फेरे

गुरुवारची रात्र. आमच्या रिलीजचा दिवस, त्यामुळे मी हिंजवडीतल्या ऑफिसात लॅपटॉपसमोर डोळे तारवटून बसलेलो. तेवढ्यात आजीचा फोन. आजी मिरजेला असते, एकटीच. तिचा फोन ठरलेला, रविवारी सकाळी. गुरुवारी रात्री नऊला स्क्रीनवर तिचं नाव दिसल्यावर पोटात गोळाच आला.

"अरे, तुझ्या त्या मशीनचा सूर उतरलाय."

हुश्श. मशीन म्हणजे मी तिला तीन वर्षांपूर्वी घेऊन दिलेला ऑटोमॅटिक टर्नटेबल. बटण दाबलं की दांडी आपोआप उचलली जाते, रेकॉर्डवर येते, अलगद खाली बसते. बाजू संपली की आपोआप घरी जाते आणि तबकडी थांबते. माझ्या फोनच्या निम्म्या किमतीत आला होता. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच जाहिरात कशाला.

"सूर उतरलाय म्हणजे काय ग?"

"म्हणजे पूर्वी आपल्या पेटीशी जुळायचं. आता काळी-पांढरीच्या मधेच कुठेतरी लोंबकळतंय."

आता मिरजेच्या बाईने सूर उतरलाय म्हटल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. अख्ख्या देशाला तंबोरे पुरवणारं गाव ते. अब्दुल करीम खाँसाहेब तिथे राहिले. आमची आजी काही गायिका वगैरे नाही, पण लग्न होऊन आली तेव्हापासून सतारमेकरांच्या गल्लीतून भाजी आणायला जायची. कानावर जे पडायचं ते पडलंच.

तर या उतरलेल्या सुरापायी मी पुढचे दोन वीकेंड घालवले. एक यंत्र उघडण्यात आणि एक त्याचा इतिहास वाचण्यात. दुसरा पहिल्यापेक्षा जास्त रंगला, म्हणून हे लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. आजोबा रेल्वेत होते. मिरज जंक्शनवर आयुष्य गेलं आणि पगारातला बराचसा भाग रेकॉर्डवर गेला. ते गेल्यावर एकशेबारा रेकॉर्ड मागे राहिल्या (मोजल्यात मी). नाट्यसंगीत, बाबूजींच्या आवाजातलं गीतरामायण, भीमसेन, हिंदी सिनेमे आणि 'शोले'च्या संवादांची ती प्रसिद्ध पॉलिडोरची रेकॉर्डसुद्धा. त्यांचा जुना सुटकेससारखा प्लेअर होता, तो हाताने लावायचा. आजीला कंपवात सुरू झाला तेव्हा ती एकदा सुई ठेवायला गेली, हात थरथरला आणि सुई गीतरामायणावरून आडवी खरवडत गेली. एक लांब चरा. त्यानंतर तिने प्लेअरला हात लावला नाही. कुणाला काही बोललीही नाही. सहा महिन्यांनी मी गेलो तेव्हा प्लेअरवर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर फुलदाणी.

बाबा म्हणाले, तिला स्मार्ट स्पीकर घेऊन दे, सगळी गाणी आहेत त्यावर. दिला. पण कंपवातात नुसते हात थरथरत नाहीत, आवाजही हळू होत जातो. आजीचं बोलणं शेजारच्या खोलीतून ऐकू येत नाही, त्या डब्याला काय कळणार! ती बिचारी तीन-तीनदा सांगायची, तो म्हणायचा, समजलं नाही. चौथ्यांदा तिने प्रयत्नच सोडला.

मग हा ऑटोमॅटिक टर्नटेबल आला. त्याला ऐकू येण्याची गरज नाही. बटण दाबलं की झालं. थरथरत्या बोटाने दाबलं तरी ते तेवढंच दाबलं जातं.

हे मी माझ्या एका ऑडिओवेड्या मित्राला सांगितलं तर त्याने नाक मुरडलं. "ऑटोमॅटिक? शी! ते खेळणं आहे. खरा माणूस सुई हाताने ठेवतो. तेच तर रिच्युअल आहे यार." तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. (उत्तरं मला नेहमी दोन-तीन वर्षांनीच सुचतात.) आता सुचलंय, पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

मंडळी, आज आपण तीन तासांची प्लेलिस्ट लावून विसरून जातो. पण ७८ च्या तबकडीवर, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डवर, दहा इंची असेल तर तीन मिनिटांच्या जरा वर आणि बारा इंची असेल तर चार मिनिटांच्या जरा वर, इतकंच मावायचं. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, तेव्हापासून आपल्या गवयांपुढे हाच प्रश्न. तासभर रंगणारा ख्याल तीन मिनिटांत बसवायचा. त्यांनी तो बसवला हे त्यांचं मोठेपण. सुरुवातीला आपल्या रेकॉर्ड छापून यायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तेव्हा कुठे इथे छापायला लागले.

पाश्चात्य संगीतवाल्यांची पंचाईत वेगळी. त्यांना सिंफनी कापता येईना. १९१३ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकने आर्थर निकिशच्या हाताखाली बेथोवनची पाचवी सिंफनी मुद्रित केली, ती आठ बाजूंवर पसरली. म्हणजे अर्ध्या तासाच्या संगीतात सात वेळा उठायचं, रेकॉर्ड बदलायची किंवा उलटायची, चावी भरायची, शक्यतो सुईसुद्धा बदलायची. कारण पोलादी सुई एका बाजूत झिजायची. असे संच फोटोंच्या अल्बमसारख्या जाड पुठ्ठ्याच्या वह्यांत विकायला लागले आणि त्यावरून 'अल्बम' हा शब्द गाण्यांना चिकटला. आजही आपण स्ट्रीमिंगवर अल्बम म्हणतो. शब्द असे जुन्या कोडसारखे राहून जातात, मूळ कारण कुणालाच आठवत नाही.

तर हे सारखं उठणं टाळायचं कसं? इथे आमच्या धंद्याचा पहिला माणूस येतो, एरिक वॉटरवर्थ. ऑस्ट्रेलियाच्याही खाली जे टास्मानिया बेट आहे, तिथल्या होबार्ट गावचा. १९२५ च्या सुमारास त्याने रेकॉर्ड आपोआप बदलणारं चालतं यंत्र बनवलं. सिडनीतल्या एका कंपनीने ते 'सॅलोनोला' नावाने बाजारात आणायचा घाट घातला, पण कंपनी बुडाली. मग एरिक आणि त्याचे वडील बोटीने लंडनला गेले आणि त्यांनी तिथे पेटंट विकलं. त्याने तीन नमुने बनवले होते. त्यातला एक सिडनीच्या संग्रहालयात आहे. एकाचे सुटे भाग कित्येक वर्षं त्याच्या होबार्टच्या घराखाली पडून होते म्हणे. आपल्यापैकी किती जणांचे साईड प्रोजेक्ट असेच पडून आहेत, बघा!

बाजारात यश मिळालं ते अमेरिकेच्या व्हिक्टर कंपनीला. १९२७ मध्ये त्यांनी 'ऑटोमॅटिक ऑर्थोफोनिक' आणला. रेकॉर्डची चवड रचायची आणि खुर्चीत बसायचं. यंत्र एकामागून एक वाजवतं.

पण गोची काय झाली? यंत्र रेकॉर्ड बदलतं, बहुतेक यंत्रं ती उलटत नाहीत. संच जर पहिल्या रेकॉर्डवर बाजू एक आणि दोन, दुसरीवर तीन आणि चार असा असेल, तर चवडीतून एकनंतर थेट तीन वाजणार. मग कंपन्यांनी काय केलं, तर खास चेंजरसाठी बाजूंची जोडी बदलून वेगळा संच काढला. दोन रेकॉर्डचा संच असेल तर एकच्या मागे चार आणि दोनच्या मागे तीन. आधी एक, दोन वाजतात, मग अख्खी चवड उलटून ठेवली की तीन, चार. हार्डवेअरची मर्यादा डेटाची मांडणी बदलून सोडवायची. आम्ही आजही हेच करतो, फक्त त्याला भारी भारी नावं देतो.

या सगळ्यात आपल्या मातीचा एक भाग आहे. ७८ ची रेकॉर्ड कशाची बनायची? लाखेची. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणारा बारीकसा किडा जी लाख सोडतो, ती शुद्ध करून त्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळायची. आणि या लाखेचा सगळ्यात मोठा पुरवठादार होता हिंदुस्थान, विशेषतः छोटा नागपूरचा जंगलपट्टा. न्यूयॉर्कमधला जॅझ असो की बर्लिनमधला बेथोवन, वाजायचा तो बऱ्याच अंशी आपल्याकडच्या किड्याच्या कृपेने. दुसऱ्या महायुद्धात जपानमुळे समुद्री वाहतूक बिघडली आणि १९४२ मध्ये अमेरिकेत रेकॉर्डसाठी लाख वापरण्यावर सरकारी निर्बंध आले. सैनिकांसाठी ज्या खास रेकॉर्ड निघाल्या त्या व्हिनाईल नावाच्या प्लॅस्टिकच्या होत्या. प्रवासात फुटत नव्हत्या आणि खरखरही कमी. लाखेचे दिवस भरत आले होते.

आता माझ्या मित्रासाठीचं उत्तर जवळ येतंय.

मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी एलपी कोलंबिया कंपनीने जून १९४८ मध्ये न्यूयॉर्कला जगापुढे आणली. एका बाजूला वीसेक मिनिटं. हे सगळीकडे लिहिलेलं असतं. पण घरोघरी जाणारी, याच वेगाने फिरणारी लांब पल्ल्याची रेकॉर्ड त्याच्या चौदा वर्षं आधीच अस्तित्वात होती. १९३४ पासून अमेरिकेत अंध वाचकांसाठी 'टॉकिंग बुक' निघत होती. अख्खी पुस्तकं वाचून रेकॉर्डवर उतरवलेली, तेहतीसच्या वेगाने, एका बाजूला पंधराएक मिनिटं. वाजवायची यंत्रंही पुरवली जायची. इंग्लंडमध्ये १९३५ मध्ये सुरुवात झाली, तिथे तर वेग आणखी कमी, मिनिटाला २४. पहिल्या पुस्तकांत ॲगाथा ख्रिस्तीची 'मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' होती. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेले सैनिक हे त्या वाचकांतले बरेचसे. मोठेपणी ब्रेल शिकणं सगळ्यांना जमत नाही. त्यांच्यासाठी कुणीतरी डोकं लावलं.

म्हणजे बघा, बाजारातल्या हौशी लोकांना चार-पाच मिनिटांच्या रेकॉर्ड विकल्या जात होत्या, तेव्हा ज्यांना पुस्तक हातात धरून वाचता येत नव्हतं त्यांच्या घरी लांब वाजणारी रेकॉर्ड पोचली होती. उतार असलेल्या फुटपाथसारखंच हे. बनतो चाकाच्या खुर्चीसाठी, मग बाबागाडीवाले, सुटकेसवाले, सगळेच वापरतात आणि म्हणतात, किती सोयीचं आहे.

असो. पुढची गोष्ट भराभर सांगतो.

१९४९ मध्ये आरसीए व्हिक्टरने एलपीला टक्कर द्यायला पंचेचाळीसची छोटी सात इंची रेकॉर्ड काढली. तिच्या मधलं भोक एवढं मोठं का, हा प्रश्न मला लहानपणापासून होता. उत्तर : चेंजरसाठी. जाड खुंटाच्या आतच रेकॉर्ड सोडायची यंत्रणा बसवली होती, एक संपली की पुढची पटकन खाली. म्हणजे रेकॉर्डसाठी यंत्र बनवलं नव्हतं, यंत्र आणि रेकॉर्ड एकमेकांसाठी बनवले होते.

मग स्वस्ताई आली. इंग्लंडमध्ये गॅरार्ड ही या धंद्यातली थोर कंपनी. राजघराण्याच्या जवाहिऱ्यांनी १९१५ मध्ये काढलेली, तेव्हा रुबाब ओघाने आलाच. पण सामान्य माणसाच्या घरात चेंजर नेला तो बीएसआर म्हणजे 'बर्मिंगहॅम साउंड रिप्रोड्यूसर्स'ने. १९३२ मध्ये डॅनियल मॅकडॉनल्डने सुरू केलेली कंपनी. पन्नाशीच्या दशकात त्यांचा 'मोनार्क' चेंजर आला. दुसऱ्या कंपन्या तो विकत घ्यायच्या आणि स्वतःच्या पेटीत बसवायच्या. 'डॅन्सेट' नावाचा प्लेअर ब्रिटनमधल्या पोरापोरींच्या खोल्यांत पोचला तो याच चेंजरच्या जिवावर. सात, दहा, बारा इंची रेकॉर्डची मिसळ ठेवली तरी हा पठ्ठ्या आकार ओळखून सुई बरोबर कडेला ठेवायचा. ना सेन्सर, ना चिप. पत्रा, स्प्रिंगा आणि दातेरी चाकं!

आपल्याकडे चेंजर दिसायचा तो सुखवस्तू घरातल्या रेडिओग्राममध्ये, म्हणजे कपाटाएवढ्या त्या पॉलिशदार फर्निचरमध्ये. मध्यमवर्गाकडे आला तर एचएमव्हीचा 'फिएस्टा' यायचा. आणि आपण जुनं सहजी टाकत नाही. बीटल्सची गाणी ७८ च्या तबकड्यांवर निघाली ती आपल्या देशात. साहेब केव्हाच पंचेचाळीसवर गेला होता. बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणावी तर अशी!

चेंजर मेला कसा? हळूहळू. एकावर एक रेकॉर्ड पडून घासतात, चवड वाढली की सुईचा कोन बदलतो, अशी शौकिनांची तक्रार होतीच आणि ती खरीही होती. सुया नाजूक, हलक्या होत गेल्या. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी चवड गेली, पण एका रेकॉर्डपुरतं आपोआप चालू-बंद होणारं यंत्र राहिलं. तेच आजीकडचं. चेंजरची खूण मात्र अजून सापडते. कुठलीही एलपी हातात घ्या आणि कडेवरून आडवी बघा. कड आणि मधला लेबलचा भाग किंचित जाड असतो, खाचांचा भाग खोलगट. चवडीतल्या रेकॉर्डच्या खाचा एकमेकींना घासू नयेत म्हणून पन्नाशीच्या दशकात केलेली ती युक्ती. चवड गेली, जाडी राहिली.

आता पहिल्या वीकेंडकडे, म्हणजे दुरुस्तीकडे.

गुरुवारी फोनवरच मी आजीला कामाला लावलं. तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश गुणिले तीन म्हणजे बरोबर शंभर. म्हणजे तबकडीने तीन मिनिटांत शंभर फेरे घ्यायला हवेत. आजीने लेबलवर कागदाचा कपटा ठेवला. मी फोनवर वेळ लावली. प्रश्न मोजण्याचा, तर ती म्हणाली, थांब, आणि जपमाळ घेऊन आली. एका फेऱ्याला एक मणी. माळेत एकशेआठ मणी, म्हणजे शंभर फेऱ्यांना आठ उरले पाहिजेत. मी "थांब" म्हटलं तेव्हा तिच्या हातात अकरा उरले होते.

सत्त्याण्णव. तीन टक्के हळू. आता पेटीवरच्या एका पट्टीतून शेजारच्या पट्टीत जायला साधारण सहा टक्क्यांचा फरक लागतो. म्हणजे आपण बरोबर मधोमध लोंबकळत होतो. काळी-पांढरीच्या मधे. मी फोन कानाला लावून नुसता हसत होतो. आमच्या क्यूए टीमकडून इतका नेमका बग रिपोर्ट आजवर आलेला नाही.

शुक्रवारी आणखी एक फोन. "दांडी अर्ध्या वाटेत अडकलीय. हात हवेतच राहिलाय रे तिचा." मी ओरडलोच, ढकलू नकोस! अडकलेली दांडी जोराने ढकलली की आतले दाते तुटतात. शनिवारी कोयना एक्स्प्रेस पकडली.

यंत्राचं पोट उघडलं आणि मला कॉलेजचं पहिलं वर्ष आठवलं. मी कॉम्प्युटरवाला, 'कॅम अँड फॉलोअर' हे शब्द मेकॅनिकलच्या पोरांच्या तोंडून ऐकलेले. इथे तेच समोर. तबकडीच्या तळाशी, मध्यभागी एक छोटं दातेरी चाक. शेजारी एक मोठं प्लॅस्टिकचं चाक, त्याच्या कडेचे काही दाते मुद्दाम गाळलेले. एरवी हा दात नसलेला भाग छोट्या चाकासमोर असतो, म्हणून तबकडी फिरते पण मोठं चाक ढिम्म. बटण दाबलं की एक पट्टी मोठ्या चाकाला किंचित ढकलते, दात दातात अडकतात आणि ते एक पूर्ण फेरा घेतं. त्याच्या अंगावरच्या वेड्यावाकड्या खाचेतून दांडीचा पाय फिरतो. उचल, सरक, ठेव. फेरा पूर्ण झाला की पुन्हा गाळलेले दाते समोर, पुन्हा ढिम्म. आत जायचं की घरी परतायचं, हे एक छोटी सरकपट्टी ठरवते. एका बिटाची मेमरी!

आणि रेकॉर्ड संपली हे कसं कळतं? हे मला सगळ्यात आवडलं. गाणं चालू असताना सुई एका फेऱ्यात अगदी केसभर आत सरकते. तेवढ्याने एक चिमुकली पट्टी पुढे येते, पण तबकडीखालचं एक नाक दर फेऱ्याला तिला टिचकी मारून मागे ढकलतं. पुढे, मागे, पुढे, मागे. गाणं संपल्यावर शेवटची खाच लांब लांब अंतराची असते. सुई एका फेऱ्यात झपकन आत जाते, पट्टी इतकी पुढे येते की नाक तिला मागे ढकलण्याऐवजी तिच्यात अडकतं आणि मोठं चाक फिरायला लागतं. म्हणजे यंत्र सुई कुठे आहे हे बघतच नाही, ती किती वेगाने चाललीय हे बघतं. म्हणून गाणं छोटं असो की मोठं, त्याला फरक पडत नाही. चेंजरच्या जमान्यात मुरलेली ही युक्ती, आजही जशीच्या तशी.

आता दोष. ही सगळी कसरत चालते तबकडीच्या जोरावर आणि तबकडी फिरते एका रबरी पट्ट्याने. तीन वर्षांत पट्टा सैल पडला. साध्या फिरण्यात तो थोडा घसरायचा, म्हणून सूर उतरला. पण दांडी उचलण्याचं ओझं आलं की पूर्णच घसरायचा, म्हणून हात हवेत. दोन तक्रारी, कारण एक. त्यात चाकावरचं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं, त्याने ओझं आणखी वाढवलेलं. चूक माझीच. तीन वर्षांत एकदाही उघडून बघितलं नव्हतं.

रात्री पट्टा उकळत्या पाण्यात घालून काढला. रबर तात्पुरतं आवळतं. त्याला आमच्यात हॉटफिक्स म्हणतात आणि तो हॉटफिक्ससारखाच दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला. मग पट्टा खिशात घालून पुण्याला आलो आणि तपकीर गल्ली गाठली. चार दुकानांत कॅसेट डेकचे चौकोनी पट्टे मिळाले, मला हवा होता चपटा. पाचव्या दुकानातल्या काकांनी माझा पट्टा दोऱ्याने मोजला, ताणून बघितला आणि म्हणाले, "हा ताणलेलाय, याच्या मापाने देऊन उपयोग नाही. थोडा लहान घ्या." कुठल्या कॉलेजात शिकवतात हे?

पुढच्या शनिवारी पुन्हा मिरज. वाळलेलं ग्रीस स्पिरिटने पुसून काढलं, नवं अगदी बोटाच्या टोकाएवढं लावलं, मधल्या खुंटावर मशीन ऑईलचा एक थेंब. पट्ट्याला चुकूनही तेलाचा हात लागू द्यायचा नाही. नवा पट्टा चढवला. दांडी उचलली गेली, सरकली, बसली. आजीने माळ घेतली. सात मणी उरले. म्हणजे एकशेएक! आता सूर चढला होता. नवा पट्टा जरा जाड होता. जाड पट्टा मोटरच्या बारीक पुलीचा घेर वाढवल्यासारखा काम करतो, म्हणून तबकडी जास्त पळते. सुदैवाने मोटरला वेग जुळवायचे दोन बारीक स्क्रू असतात, तेहतीसचा एक आणि पंचेचाळीसचा एक. छोट्या पेचकसाने तेहतीसचा केसभर फिरवला. पुन्हा मोजणी.

या यंत्राच्या मर्यादा मला माहीत आहेत. दहा इंची रेकॉर्डला बटण चालत नाही, दांडी एकतर बारा इंचावर उतरते नाहीतर सातावर. ७८ चा वेगच नाही, आणि असता तरी त्या रुंद खाचांना वेगळी जाड सुई लागते. त्यामुळे पणजोबांच्या लाखेच्या चार तबकड्या ट्रंकेतच राहणार. आवाजही माझ्या मित्राकडच्या यंत्राइतका स्वच्छ नाही, हे मान्य. आणि बाजू उलटायला आजीला उठावं लागतंच. रेकॉर्ड ती दोन्ही तळहातांत कडेने धरते, छातीशी आणते, थोडं थांबते, मग ठेवते. मी मदतीला उठलो की डोळे वटारते.

बाबा अजूनही म्हणतात, तिला पुण्याला आणू. कदाचित आणावं लागेल, मला कळतं. गॅस आता ती शेजारच्या मावशींना लावायला सांगते, बटणांच्या ब्लाऊजऐवजी हुकाचे घालते, चहा अर्धा कपच ओतते. एकेक गोष्ट हातातून जातेय. गाणं लावणं ही गेलेली गोष्ट होती, ती परत आली. हे माझ्या मित्राला सांगायचंय. रिच्युअल ज्याच्या हाताला जमतं त्याने खुशाल करावं. हे यंत्र मुळात ज्यांना उठता येत नाही, दिसत नाही, ज्यांचे हात ऐकत नाहीत, त्यांच्याही कामाचं आहे. आणि शंभर वर्षं कुणी ना कुणी त्यासाठी पत्रे कापत, स्प्रिंगा जुळवत बसलंय.

हं, मोजणीचं सांगायचं राहिलं. स्क्रू फिरवल्यावर मी पुन्हा तीन मिनिटं लावली. आजी खुर्चीत, डोळे लेबलवरच्या कपट्यावर, अंगठा माळेवर. "थांब" म्हटल्यावर तिने उरलेले मणी मोजले, मग माझा विश्वास बसावा म्हणून माळ माझ्या हातात दिली.

आठ.

मग पेटी उघडायला सांगितली आणि म्हणाली, "आता काळी दोन धर बघू."